एका दमाचं अंतर

मुबारकचाचा मुकादम साऱ्या मोहल्ल्यात शिकारी म्हणून प्रसिद्ध, आणि गंमत अशी की उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाही बंदुकीचा चाप ओढलेला नव्हता. बंदूक असायची वडिलांच्या हातात, पुढे थोरल्या भावाच्या. चाचांच्या हातात असायची सुरी. बार झाला की धावत सुटायचं, जनावरापाशी पोचायचं, आणि त्याच्यात जीव आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून ती गळ्यावर फिरवायची, एवढंच त्यांचं काम. पण सगळं खाणंपिणं त्या कामावर अडलेलं. बंदुकीची गोळी कापत नाही, ठेचते. गोळीने मेलेलं जनावर मुर्दार, ते खायचं नाही. सुरी फिरली, रक्त उसळलं, जनावराने पाय झाडला, तरच ते हलाल. म्हणून शिकारीची जीप परत आली की बायका बंदूकवाल्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या चाचांना विचारायच्या, "जान होती?" चाचा "होती" म्हणाले की चुली पेटायच्या. "नव्हती" म्हणाले की जनावर ओढ्याकाठी पुरलं जायचं, मग ते अख्खं सांबर का असेना. त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

चाचांच्या वडिलांचा एक नियम होता. छाती भरून श्वास घ्यायचा, धरायचा, आणि धावत सुटायचं. जिथे श्वास सुटतो तिथवरच आपली गोळी. त्यापलीकडचं जनावर आपलं नाही, ते कितीही छान उभं राहो. याला ते 'दमाचं अंतर' म्हणत. बाकीचे शिकारी हसायचे. म्हातारा समोरचं जनावर सोडून देतो, असं म्हणत तोंडावर टिंगल करायचे. वडील कानाडोळा करायचे आणि पावसाळा संपला की धाकट्या मुबारकला गाढी नदीच्या काठाने पळवायचे, यंदा पोराचा दम कुठवर पोचतो ते बघायला.

आता एवढं कौतुक केल्यावर हेही सांगून टाकलं पाहिजे, की यात कुणी धुतल्या तांदळाचं नव्हतं. शिकारीवर सरकारने बंदी आणली त्यानंतरही ही मंडळी कैक वर्षं चोरून रानात जात होती. नियम जनावराच्या बाबतीत काटेकोर, कायद्याच्या बाबतीत सोयीचा. थोरला भाऊ गेला, बंदूक पोलीस चौकीत जमा झाली आणि चाचांची शिकार आपोआप सुटली. मग सुरी फक्त बकरी ईदला निघे. बस स्टँडजवळचं हार्डवेअरचं दुकान त्यांनी मोबाईलवाल्याला भाड्याने दिलं, गुडघ्यांना तेल लावायला सुरुवात केली आणि आता आपल्याला कुणी रानात बोलावणार नाही, अशी मनाची समजूत घातली.

आणि नेमकं जानेवारीत नावेदने बोलावलं.

नावेद त्यांच्या बहिणीचा मुलगा. ओमानमध्ये पंधरा वर्षं काढून आलेला, आता पनवेलच्या आसपास इमारती उभ्या करणारा. तिकडे त्याला नेमबाजीचा नाद लागला होता. इथे येऊन त्याने खेळाच्या नावाखाली लायसन्स काढलं आणि दुर्बीण लावलेली एक लांबलचक रायफल घेतली. खेळाच्या लायसन्सवर रानात जाता येत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण धोदाणीच्या वाटेवर त्याचं फार्महाऊस होतं, मागे माथेरानचा डोंगर होता, आणि अडवणारं कुणी नव्हतं.

"मामू, रुमानाच्या सासरचे येतायत उरणहून, रविवारी," नावेद म्हणाला. रुमाना त्याची मुलगी, नुकतीच तिची सोयरीक जमली होती. "त्यांच्या घरातले बुजुर्ग अजून तुमची सुरी विसरले नाहीत. मला म्हणाले, मुबारक मुकादमने होती म्हटलं तर आम्ही खाऊ, नाहीतर नाही. तुम्ही फक्त यायचं. बाकी मैं देख लेता हूं."

चाचा सुखावले. खोटं कशाला बोला, चांगलेच सुखावले. वरवर मात्र म्हणाले, "या वयात मला कुठे धावायला लावतोस?"

"धावायचं कशाला? आरामात चालत जा."

तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण फुजैल मध्ये बोलला. फुजैल त्यांचा एकुलता एक मुलगा, तिशीतला. दोह्यातली कंपनी बंद पडल्यावर घरी येऊन बसला होता, तेव्हा नावेदनेच त्याला साइटवर कामाला लावलं. तेव्हापासून त्याच्या तोंडी नावेदभाई सोडून दुसरा शब्द नव्हता. "अब्बा, चला ना. नावेदभाई मला शिकवणार आहेत. रेंजवर मी दोनदा मधोमध मारलंय."

रात्री फरिदाचाची भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "पोराचं काम त्याच्याकडं हाय. नाय म्हणू नका. पन तुमच्या अंगात डोंगर चढायचा दम हाय का?"

"नाय," चाचा म्हणाले. "म्हणून तर भ्या वाटतं."

चाचींना वाटलं ते स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलतायत.

रविवारी उजाडता उजाडता चौघे डोंगराच्या एका सोंडेवर पोचले. नावेद, फुजैल, चाचा, आणि नावेदचा भागीदार हितेश. हितेश ओवे गावचा, शेतजमीन विकली गेली आणि शेठ झाला त्यातला. मनाने मोकळा, देहाने जड. सोंडेवर चढेपर्यंत त्याने चारदा बसून घेतलं. खाली खोल घळ होती, तिच्या तळाशी सुकत आलेला ओढा. पलीकडच्या उतारावर पिवळं पडलेलं गवत आणि गवताच्या वरच्या अंगाला कारवीची दाट जाळी.

नावेदने सतरंजी अंथरली, वाळूची छोटी पिशवी ठेवली, तिच्यावर रायफल टेकवली. एका यंत्राला डोळा लावून त्याने अंतर वाचलं. "तीनशे ऐंशी मीटर. मक्खन."

चाचांनी पलीकडे पाहिलं. त्यांना पलीकडचं गवत म्हणजे नुसता पिवळा पट्टा दिसत होता. "तिथलं जनावर मारणार?"

"हां मामू."

"आणि मी पोचणार कसा?"

"उतरायचं, चढायचं. घाई कुठे आहे?"

"घाई त्याला असते, नावेद."

नावेद हसला. त्याच्या हसण्यात अपमान नव्हता, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेतात तसं ते हसणं होतं, आणि चाचांना तेच जास्त झोंबलं. "मामू, तुमच्या जमान्यात बंदुकी तशा होत्या. जवळ जायलाच लागायचं. आता जवळ गेलं तर वास लागतो, पळून जातं."

"मग जाऊ दे ना. पळायची संधी नको त्याला?"

"हे बरंय," हितेश मध्येच म्हणाला. "म्हंजे आमी मटान सोडून हात हालवत घरी जायाचा!" सगळे हसले. फुजैलही हसला.

मग भेकर आलं. शेळीपेक्षा जरा मोठं, तांबूस, कारवीतून मान बाहेर काढून बराच वेळ उभं राहिलेलं. भेकर भ्यालं की कुत्र्यासारखं भुंकतं. एवढ्याशा देहातून एवढा आवाज येतो की नवखा माणूस दचकतो. पण हे भ्यालेलं नव्हतंच. त्याच्या हिशेबी जवळपास कुणी नव्हतं. ते खाली आलं आणि चरायला लागलं.

"फुजैल, तू मार," नावेद हलक्या आवाजात म्हणाला.

चाचांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, आज नको. आधी जवळून शिक."

फुजैलने मान वळवली नाही. डोळा दुर्बिणीला लागलेला होता. "अब्बा, हात काढा. नेम हलतो."

चाचांनी हात काढला. पुढे कितीतरी दिवस त्यांना हेच आठवत राहिलं, की आपण हात काढला.

बार झाला. डोंगराने तो इकडून तिकडे फिरवून परत दिला. पलीकडे भेकर धाडकन पडलं, उठलं, दोन उड्या मारून पुन्हा पडलं, मग लडखडत कारवीत शिरलं आणि दिसेनासं झालं.

"लागली! एक नंबर!" नावेदने फुजैलच्या पाठीवर थाप मारली. "पहिल्याच गोळीत, शाब्बास!"

चाचा कान टवकारून उभे होते. जखमी भेकर ओरडतं. त्यांनी शेकडो वेळा ते ऐकलं होतं. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी कमरेची सुरी चाचपली आणि उताराला लागले. फुजैल उठून त्यांच्यामागे निघाला, तसा नावेद म्हणाला, "तू थांब रे. दोघं उतरलात तर रान उठेल. जोडीचं असेल कुठेतरी. चल, चहा घे." चाचांनी मागे वळून पाहिलं. फुजैल क्षणभर घुटमळला आणि सतरंजीवर बसला. हितेश थर्मासचं झाकण फिरवत होता.

उतार घसरडा होता. वाळलेल्या गवतावरून चप्पल सरकत होती. चाचा बुंधे धरधरून उतरले, दोनदा बसले, एकदा पडले. ओढ्यापाशी पोचले तेव्हा छातीत भाता चालला होता. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. वर पाहिलं तर चढ भिंतीसारखा उभा. वीस पावलं चढावं आणि थांबावं, वीस चढावं आणि थांबावं. विशीत त्यांचा एक दम म्हणजे समोरच्या झाडापासून पार त्या खडकापर्यंत. आज तो दम वीस पावलांवर आला होता. वडिलांचा नियम धरला, तर त्यांनी आता परसातल्या कोंबडीपलीकडे कशावर सुरी चालवायला जाऊ नये.

चढता चढता ते मनाशी एकच म्हणत होते, की या अल्ला, गेलेलं असू दे. मी पोचेपर्यंत गेलेलं असू दे. आयुष्यभर त्यांनी उलटी दुआ मागितली होती.

कारवीच्या आत रक्ताचा माग होता. थेंब नव्हे, सडा. दहा-बारा हात आत भेकर बसलेलं होतं. पडलेलं नव्हे, बसलेलं. पाय पोटाखाली घेऊन, चरून आलेलं ढोर रवंथ करायला बसतं तसं. रवंथ करायला मात्र त्याला जबडा उरलेला नव्हता. खालचा जबडा गोळीने उडवला होता आणि जे उरलं ते कातड्याला लोंबत होतं. जीभ मातीला टेकलेली. म्हणून ते ओरडलं नव्हतं. ओरडायला तोंड लागतं.

त्याने चाचांकडे पाहिलं. उठायचा प्रयत्नही केला नाही. पोट वरखाली होत होतं. नुसतं बसून ते वाट बघत होतं, बार झाल्यापासून आतापर्यंत.

चाचा गुडघ्यांवर बसले. सुरीला आपलं काम ठाऊक होतं. त्यांनी त्याची मान किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, वळवली, "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर" म्हटलं आणि एकाच झटक्यात सुरी फिरवली. रक्त उसळून कारवीच्या पानांवर गेलं. मागचे पाय दोनदा झाडले गेले, आणि संपलं. जान होती. रक्त होतं. पाय झाडले होते. हलाल ठरायला लागतं ते सगळं चोख झालं होतं, आणि चाचांना आयुष्यात पहिल्यांदा त्या चोखपणाची शिसारी आली.

एवढी वर्षं त्यांची समजूत अशी, की दमाचं अंतर आपल्यासाठी आहे, आपण वेळेवर पोचावं म्हणून. आता त्या रक्ताळलेल्या गवतावर बसल्यावर वडिलांचं म्हणणं त्यांच्या डोक्यात उजाडलं. तो नियम जनावरासाठी होता. त्याला वाट बघायला लागू नये म्हणून. एका दमाएवढं दुखणं, त्याहून जास्त कुणाला द्यायचा आपल्याला हक्क नाही, इतकी साधी गोष्ट म्हातारा सांगत होता आणि आपण नुसते धावत होतो.

आणि आता खाली जाऊन आपण काय सांगणार? जान होती. म्हणजे हलाल. म्हणजे नावेदची दावत झोकात होणार, फुजैलच्या नेमाचं कौतुक होणार, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच सतरंजी. नाहीच ते. चाचांनी खांद्यावरचा पंचा काढला, भेकराचं तोंड त्यात गुंडाळून गाठ मारली, आणि मनाचा निश्चय केला. सुरीच्या बाबतीत एकदाही खोटं न बोललेला तो माणूस खोटं बोलायला तयार होऊन बसला.

त्यांनी टोपी हलवून खूण केली. बऱ्याच वेळाने फुजैल आणि हितेश धापा टाकत वर आले.

"अब्बा!" फुजैलचा चेहरा फुललेला. "जान होती?"

"नव्हती," चाचा म्हणाले. "मुर्दार हाय. पुरून टाका."

फुजैल जागच्या जागी थांबला. त्याची नजर सुरीवर गेली, मग कारवीच्या पानांवर. वीतभर उंच पानांपर्यंत रक्ताची चिळकांडी गेलेली होती, आणि ती अजून ओली होती. मेलेल्या जनावराचं रक्त उडत नाही, हे त्याला लहानपणापासून चाचांनीच शिकवलं होतं. त्याने बापाकडे पाहिलं. चाचांनी नजर चुकवली.

"पुरायचा कशाला?" हितेश म्हणाला. "तुमाला नाय चालत, आमाला चालतंय." आणि त्याने भेकराचे पाय धरले.

फार्महाऊसच्या मागच्या अंगणात उरणची मंडळी येऊन बसली होती. त्यांच्यातले पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग चाचांना उठून भेटले, हात हातात घेतला. नावेदने सगळ्यांसमोर पंच्याची गाठ सोडली आणि शीळ घातली.

"हेडशॉट! अरे फुजैल, काय मारलंस!"

मोबाईल काढणाऱ्या कुणाला तरी हितेशने हटकलं, "ठेव तो आत. फोटो बाहेर गेला तं समदेच आत."

"पण मुबारकभाई," बुजुर्गांनी विचारलं, "जान होती ना?"

"नव्हती," चाचा म्हणाले. "मी पोचलो तेव्हा गेलेलं होतं. सुरी फिरवून पाहिली, रक्त उसळलं नाही."

चाचांना वाटलं, झालं. आता हे खाली मान घालतील, जनावर उचलतील, आणि फुजैलच्या हातून पहिल्याच दिवशी मुर्दार घडलं म्हणून ती रायफल त्याच्या मनातून उतरेल. त्यांनी नावेदकडे पाहिलं. नावेदचा चेहरा पडला नव्हता. उलट तो उजळला होता.

"मग तर अजून बेस्ट, मामू!" तो म्हणाला. "जागेवर खलास. ऐकलंस फुजैल? डोक्यात बसली, लडखडत चार पावलं गेलं आणि गेलंच. त्याला कळलंसुद्धा नसेल. यालाच क्लीन किल म्हणतात. तुमच्या वेळी मामू, तुम्ही जवळून छर्रे मारायचे आणि जनावर तडफडायचं. बोला, कोण जास्त रहमदिल? मटणाचं काय, अर्ध्या तासात पनवेलहून दोन बकरे आणतो."

आणि फुजैल, जो डोंगरावरून उतरल्यापासून तोंड पाडून होता, त्याने एकदम मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते चाचांनी पाहिलं. ती सुटका होती. त्याने पानांवरचं रक्त पाहिलं होतं, तरी त्याला बापाचं खोटं खरं मानायचं होतं. "खरंच कळलं नसेल ना, अब्बा?" तो म्हणाला.

चाचा पुरते अडकले. होती म्हणावं तर मटण हलाल. नव्हती म्हणावं तर गोळी रहमदिल. सुरी कशीही फिरवली तरी नावेदच जिंकत होता. मटण जाईना का सगळ्यांच्या पोटात, पण ही सुटका पोराच्या चेहऱ्यावर राहता कामा नये, एवढंच त्यांना त्या घटकेला कळलं.

"जान होती," ते म्हणाले.

"काय?"

"मी खोटं बोललो. जिवंत होतं. मी गेलो तोवर जिवंत होतं. बसलेलं होतं."

उरणचे बुजुर्ग हळूच मागे टेकले. "मुबारकभाई, आधी नाही म्हणता, मग हो म्हणता. आम्ही कुठला शब्द धरायचा?"

नावेद चिडला नाही, त्याने फक्त सुस्कारा टाकला. म्हाताऱ्याला पित्त झालंय, डोंगर झेपला नाही, अशा सुरात बुजुर्गांना म्हणाला, "जाऊ द्या ना, मामूंना दमायला झालंय. फुजैल, तू गेला होतास ना वर? तू सांग."

सगळ्यांचे डोळे फुजैलकडे वळले. त्याने बापाकडे पाहिलं नाही. "रक्त उडालेलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पानांवर. ओलं होतं."

"मग हलाल आहे," बुजुर्ग म्हणाले. "अल्हम्दुलिल्लाह."

चुली पेटल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मुकादमांच्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या शब्दावर पेटल्या. चाचा आंब्याखाली खुर्चीवर बसून राहिले. जेवायला या म्हणून दोनदा बोलावणं आलं, ते उठले नाहीत. उरणची मंडळी निघताना नावेदला भेटली, हितेशला भेटली, फुजैलच्या डोक्यावर हात ठेवून गेली. चाचांना बुजुर्गांनी लांबूनच सलाम केला.

संध्याकाळी नावेदच्या गाडीने बाप-लेकाला मोहल्ल्यात सोडलं. बरोबर डबा होता, फरिदाचाचींसाठी. चाचींनी झाकण उघडून वास घेतला आणि सवयीने विचारलं, "जान होती ना?"

"होती," चाचा म्हणाले.

चाचींनी ताटं वाढली. फुजैलने सकाळनंतर काही खाल्लं नव्हतं हे त्याच्या भाकरी मोडण्यावरून कळत होतं. नावेदकडे तोही नुसता वाढत फिरला होता. त्याने पहिला घास घेतला, चावू लागला, आणि मध्येच विचारलं, "अब्बा, तुम्ही असं का केलंत? तुम्हीच मला शिकवलं ना, सुरीबद्दल खोटं बोलायचं नाही म्हणून?"

"शिकवलं."

"मग? मला सगळ्यांसमोर तुमच्या शब्दाची साक्ष द्यायला लागली."

"तू खरं बोललास. चांगलं केलंस." चाचांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "पन तुला कुणी खरा सवाल विचारलाच नाय. जान होती का, हे विचारलं. किती वेळ होती, ते विचारलं नाय."

फुजैलने विचारलं, "किती वेळ होती?"

"मी निघाल्यावर तुम्ही चहा घेतलात?"

"घेतला."

"बिस्किटं?"

"हां."

"हितेशने कायतरी किस्सा सांगितला असेल. तो सांगतोच."

"त्याच्या मेहुण्याचा," फुजैल म्हणाला. "खूप हसलो."

"तेवढा वेळ. मग मी ओढ्यात तोंड धुतलं, तो वेळ. मग चढलो, बसलो, चढलो, बसलो. तेवढा. ते कारवीत पाय दुमडून बसलं होतं. ओरडत नव्हतं, कारण तोंडच नव्हतं. ते तू बघितलंस ना, नावेदने पंचा सोडला तेव्हा? तसं तोंड घेऊन ते बसलं होतं, पोरा. मी येईपर्यंत."

चाची हातातली पळी तशीच धरून उभ्या होत्या.

"खा," चाचा म्हणाले. "हलाल हाय. आता टाकलंस तर ते बिचारं फुकट गेलं."

फुजैलच्या तोंडात घास होता. चाचांनी पाहिलं, त्याचा जबडा हलत नव्हता. गिळवत नव्हतं आणि थुंकवत नव्हतं. डोळे भरून आले होते, आणि तो पाय दुमडून, ताटापुढे, नुसता बसला होता.

शेजारी ठेवलेला मोबाईल वाजायला लागला. वर नावेदभाईचं नाव होतं. पुढच्या रविवारचं विचारायला केला असणार. फुजैलने मोबाईल हातात घेतला, बापाकडे पाहिलं, पण बोलायला त्याला तोंड उघडता येईना. मोबाईल वाजत राहिला. चाचा उठले, मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि सकाळी काढलेला हात त्यांनी पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवला.